नारळ देण्याची तोंडी परीक्षा

सोमवारी सकाळी साडेदहाला मी एका फुलदाणीला कामावरून काढत होते.

फुलदाणी उंच होती, कच्च्या मातीची होती आणि तिनं सगळं फार समजूतदारपणे घेतलं. मी तिला म्हणाले, "तुमच्यात गुण आहेत. फक्त ते सध्या आमच्या उपयोगाचे नाहीत. यात तुमची चूक नाही. खरं तर यात कोणाचीच चूक नाही. आजपासून आम्ही तुम्हाला मोकळं करत आहोत."

फुलदाणी गप्प.

"ठीक आहे," फडताळामागून आवाज आला.

मी दचकले. फडताळामागून एक मुलगा उठून उभा राहिला. अंगात एप्रन, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात केरभरणी. पापण्यांवर पांढरी, बारीक माती... कोणीतरी त्याला घडवून वाळत घातलं होतं आणि विसरून गेलं होतं, असा.

"आजपासून म्हणजे... आत्तापासून?" त्यानं विचारलं.

"आत्तापासून," मी म्हणाले. माझ्या भाषणात पुढचं वाक्य तेच होतं.

त्यानं मान हलवली. "मला वाटलंच होतं." मग केरभरणी खाली ठेवली, एप्रन काढला, त्याची चार घड्यांची नीट चौकोनी घडी केली, वर वाळवणखोलीची किल्ली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "भट्टी चालू आहे. बारा वाजता बंद करावी लागेल."

"नोंद घेतली आहे," मी रुबाबात म्हणाले.

"थँक्यू. फार बरं बोललात तुम्ही." आणि तो गेला.

काय नट आहे हा! मी मनात म्हटलं. ना ओळख, ना पाळख, आणि किती मनापासून साथ दिली! आता हसत परत येईल, 'कसं वाटलं?' विचारेल. मी दहा मिनिटं एप्रन धरून उभी राहिले. ज्याला काढलं तो हसत परत येईल म्हणून वाट बघणारी व्यवस्थापक जगात मी एकटीच असेन.

तो आला नाही. मला वर्ग होता. मी एप्रन किल्लीसकट पिशवीत टाकला आणि जिना चढून वर गेले.

मी बीबीए करते. आमच्या कॉलेजात एकाच छपराखाली सगळं शिकवतात: खगोलशास्त्र, नाटक, तत्त्वज्ञान, मातीकाम, आणि कोपऱ्यात आम्ही. खगोलवाले वर बघतात, नाटकवाले रडतात, आम्ही तक्ते काढतो. आमचा वर्ग मातीकामाच्या बरोबर वर आहे, त्यामुळे आमच्या तक्त्यांवर कायम धूळ असते. 'मुलगी काय शिकते?' असं कोणी विचारलं तर आई 'बीबीए' म्हणते, आणि लिफ्ट दुरुस्त करणारे माझे बाबा म्हणतात, 'सगळंच, पण थोडं थोडं.'

मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवणाऱ्या सरांना आम्ही नारळ सर म्हणतो. कारण त्यांची तोंडी परीक्षाच मुळी समोरच्याला नोकरीवरून नारळ देण्याची असते. अभ्यासक्रमात तिचं नाव 'सेवासमाप्ती संभाषण' असं आहे. वेळ चार मिनिटं. अटी तीन. समोरचा रडता कामा नये, ओरडता कामा नये, आणि आपल्याला काढलंय हे त्याला कळलं पाहिजे. तिसरी अट सगळ्यात अवघड. मागच्या वर्षी एकीनं इतक्या गोड शब्दांत काढलं, की समोरचा मुलगा बढती मिळाली समजून घरी फोन लावायला बाहेर पळाला.

माझी ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला समोरच्याला काढता काढता मीच राजीनामा दिला होता. यंदा शुक्रवारी बाराला माझी वेळ होती. पुन्हा नापास झाले तर अख्खं वर्ष जाणार. म्हणून वहिनीचा कोट घालून, हातात फाईल धरून मी खाली वाळवणखोलीत सराव करत होते. मातीची भांडी मधे बोलत नाहीत.

मंगळवारी सकाळी वाळवणखोलीच्या दारावर कागद होता. ठळक, तिरक्या अक्षरांत: 'मदतनीस न सांगता निघून गेल्याने खोली बंद.'

मी तो तीनदा वाचला.

तो नट नव्हता.

कँटीनमध्ये खिडकीजवळ तो एकटाच बसला होता, समोर जाडजूड पुस्तक उघडं. मी धावतपळत गेले. आज सगळं सांगायचं, माफी मागायची, एप्रन द्यायचा, विषय संपवायचा. मला बघताच तो ताडकन उठला.

"मॅडम! तुम्ही?"

मला आजवर मॅडम फक्त बँकेच्या फोनवरची बाई म्हणाली होती, आणि तीसुद्धा रेकॉर्ड केलेली होती.

"बसा ना," तो म्हणाला. मी बसले. "एक विचारू? रागावणार नसाल तर... तुम्ही म्हणालात, माझ्यात गुण आहेत."

"म्हणाले..."

"कुठले?"

आता हे मी फुलदाणीला म्हटलं होतं. "उंची," मी म्हणाले.

"उंची?"

"आणि स्थैर्य. तुम्हाला एका जागी ठेवलं की तुम्ही तिथेच राहता."

तो विचारात पडला. "खरं आहे," तो हळूच म्हणाला. "हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं."

"तुम्ही... कारण नाही विचारलंत."

"तत्त्वज्ञान शिकतो मी, कारणं विचारायचीच सवय आहे. पण या वेळी कारण माझ्या केरभरणीत होतं." तो बाहेर बघायला लागला. "पाहुण्यांच्या जेवणासाठी बावीस वाट्या केल्या होत्या. रविवारी भट्टी थंड व्हायच्या आधीच मी दार उघडलं. बघायची घाई झाली. गार वारा आत शिरला आणि... टिंग. मग टिंग. असं बावीस वेळा. मी उभा राहून ऐकत होतो. सोमवारी तुम्ही आलात, कोट, फाईल... मी म्हटलं, आलं बोलावणं."

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

"तुमचं काम किती अवघड आहे," तो म्हणाला. "दिवसभर लोकांना वाईट सांगायचं. आणि तुम्हाला घरी गेल्यावर कोण समजावतं?"

मला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. आमच्या घरी 'जेवलीस का?' या प्रश्नात सगळे प्रश्न बसवलेले असतात. तो उत्तराची वाट बघत होता, खरोखरची. भुवया जराशा वर, बोट पुस्तकाच्या पानात अडकवलेलं. खरं सांगायला पाच सेकंद पुरले असते. सहाव्या सेकंदाला मी विचारलं, "चहा घेणार?"

एवढंच झालं. माणूस खोटं बोलायला बसत नाही हो, चहा प्यायला बसतो.

बुधवारी पाऊस नव्हता. आकाश नुकतीच इस्त्री केल्यासारखं होतं. तरी वसतिगृहाच्या दारात तो छत्री उघडून उभा होता आणि छत्रीवर धो धो पाणी पडत होतं.

"रोज चारला गच्चीवरची टाकी भरते," त्यानं समजावलं, "आणि पंप बंद करणारे काका पाचला उठतात. म्हणजे रोज एक तास पाऊस. आठ फूट लांब, चार फूट रुंद. या आत, भिजाल."

बाजूला दोन पावलं सरकले असते तर कोरडी राहिले असते. मी आत गेले.

छत्री एका माणसाची होती. त्याच्या बाहीला ओल्या मातीचा वास होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. त्यानं काढून घेतला. मग पाण्याचा एक लोट आला आणि खांदा परत आला.

"मॅडम, नियमाप्रमाणे किती अंतर ठेवावं लागतं?"

"कोणापासून?"

"काढलेल्या माणसापासून."

"नियमात तसं काही नाही."

"मग छत्रीच्या नियमानं राहू," तो म्हणाला आणि छत्री माझ्याकडे कलती केली. त्याचा अर्धा भाग भिजू लागला. मी माझ्या बुटांकडे बघत होते आणि बुटांना सगळं कळत होतं.

"हा पाऊस मात्र शुक्रवारपर्यंतच," तो म्हणाला.

"का? काका वेळेवर उठणार?"

"नाही, मी जाणार." त्यानं दांडीवरची पकड बदलली. "खोली त्या कामावर मिळाली होती ना. काम गेलं, खोली गेली. शुक्रवारी चारला किल्ली द्यायची. आणि वसतिगृहाबाहेर राहून शिकणं... ते काही जमणारं नाही. ताईचं चष्म्याचं दुकान आहे. ती म्हणते, येऊन बस. लोकांना 'वाचता येतंय का?' एवढंच विचारायचं. तत्त्वज्ञानाचा तेवढा तरी उपयोग."

"पण तुमचं एक वर्षच राहिलंय!"

"राहू दे की." तो हसला.

माझ्या एका सरावात या माणसाची खोली, डिग्री आणि पुढचं सगळं वाहून चाललं होतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण मी व्यवस्थापन शिकते. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, की बिघाड ग्राहकाला कळायच्या आत दुरुस्त करावा. मी "आलेच!" म्हणाले, भिजत बाहेर पडले आणि मातीकाम विभागाकडे धावले.

मातीकाम शिकवणाऱ्या बाईंना सगळं कॉलेज मातीबाई म्हणतं. त्या चाकावर बसल्या होत्या. चाक थांबवलं नाही.

"कोण तू?"

"बीबीए, मॅडम."

"वर की खाली?"

"वर. पण आत्ता खाली आले. तुमच्या मदतनीसाबद्दल..."

"तो गेला."

"समजा, तो गैरसमजानं गेला असेल... समजा, त्या वाट्या फुटल्या म्हणून..."

"वाट्या!" मातीबाई खेकसल्या. "माती आहे ती, फुटणारच. माझ्याकडून शंभर फुटल्यात. वाट्यांसाठी मी मांजरालासुद्धा काढणार नाही. पण सोमवारी बाराला बंद करायची भट्टी अडीचला बंद झाली, कळलं? मी येऊन केली. अख्खी रास वितळली, भांडी एकमेकांना चिकटली. आग लागली असती. चालू भट्टी सोडून न सांगता निघून जाणारा माणूस मला नको."

बारा वाजता बंद करावी लागेल. नोंद घेतली आहे.

तो न सांगता गेलाच नव्हता. त्यानं सांगितलं होतं. मला.

"तो... चांगला आहे हो," मी पुटपुटले.

"असेल. मग स्वतः येऊन सांगू दे ना. शुक्रवारी चारपर्यंत आला तर ऐकीन. चारनंतर माझ्याकडे दुसरा माणूस येतोय." चाकावरची माती एका बाजूला कलली. त्यांनी ती एका बोटानं सरळ केली. "आणि तुला काय एवढी पडलीये त्याची?"

"वर्गमित्राचा मित्र आहे," मी म्हणाले. खोटं बोलायची इतकी सवय झाली होती, की गरज नसतानाही निघत होतं.

गुरुवारी दुपारी मी घरी फोन केला. बाबा कुठल्यातरी सातव्या मजल्यावर होते.

"बाबा, एखाद्याला खरं सांगितलं की तो आपल्यावर चिडणार, आणि नाही सांगितलं की त्याचं वाटोळं होणार, तर काय करायचं?"

"मुलगा आहे?" बाबांनी विचारलं.

"बाबा!"

"लिफ्टमध्ये दोन माणसं अडकलीत, त्यांना काढून बोलतो. काय गं बाई, तुम्हाला शिकवतात तरी काय तिकडे!" मागून कोणीतरी दार बडवत होतं. "सांगून टाक. चिडलेला माणूस दिसतो तरी. वाटोळं झालेला दिसतसुद्धा नाही." आणि फोन ठेवला.

मी त्याच्या खोलीकडे गेले. दार सताड उघडं. कॉटवर गादी गुंडाळलेली, पुस्तकांचे तीन गठ्ठे सुतळीनं बांधलेले. तो चौथा बांधत होता. गाठ दातात होती.

"मॅडम! आत या... बसायला मात्र गठ्ठाच आहे. नीतिशास्त्रावर बसा, ते टणक आहे."

मी नीतिशास्त्रावर बसले. त्याहून वाईट जागा मला त्या दिवशी मिळाली नसती.

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," मी म्हणाले.

"मलाही. आधी मी सांगू? नाहीतर माझा धीर जाईल." त्यानं सुतळी सोडली. "आपण दोघं एकाच वयाचे असू, नाही? तुम्ही ऑफिसातल्या, मी मदतनीस, तेव्हा हे बोलणं बरं दिसलं नसतं. पण आता मी मदतनीस नाही. मला काढलंय. म्हणजे... नियमात बसतं का?"

"काय?"

"की मंगळवारपासून मी चहा पिताना तुमची वाट बघतो... काल तुम्ही छत्रीतून धावत गेलात, तर काका उठेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. एका जागी ठेवलं की राहतो ना मी." तो लाजला. पापण्यांवर आज माती नव्हती आणि त्या फार लांब होत्या. "म्हणजे काढलंत ते एका अर्थी बरंच झालं."

तो ज्या फांदीवर बसला होता ती माझ्या थापेची होती. कापायची तर दोघं पडणार होतो.

"तुम्ही काय सांगणार होतात?" त्यानं विचारलं.

"मी... उद्या सांगते. उद्या नक्की."

"उद्या बाराला मी तुमच्याच इमारतीत आहे! तुमचे ते मनुष्यबळवाले सर भेटले होते. परीक्षेला खऱ्या अनुभवाचा माणूस हवाय म्हणाले. एक मुलगी मला कामावरून काढणार आहे, चार मिनिटांत. बदल्यात सर मला शिफारसपत्र देणार आहेत." तो हसला. "तुमच्याइतकं चांगलं तिला नाही जमणार."

मी उठले. नीतिशास्त्राचा गठ्ठा कलंडला आणि सगळं नीतिशास्त्र जमिनीवर पसरलं.

शुक्रवार, बाराला पाच कमी. वर्गात दोन खुर्च्या समोरासमोर, भिंतीला टेकून सगळा वर्ग, टेबलामागे नारळ सर, पुढ्यात वाळूचं घड्याळ. घड्याळ ते नाटकवाल्यांकडून मागून आणतात. चारला त्याची किल्ली जाणार होती. मी आत्ता त्याला व्यवस्थित, गोड शब्दांत काढलं असतं तर पास झाले असते. आणि तो टाळ्या वाजवून चष्म्याच्या दुकानात गेला असता.

दार उघडलं. तो आत आला. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"तुम्ही परीक्षा घेणार?" तो कुजबुजला.

"नाही," मी म्हणाले. "देणार."

त्याला कळलं नाही. तो खुर्चीत बसला, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. सरांनी घड्याळ उलटं केलं. "सुरू करा."

पहिलं अर्ध मिनिट मी घड्याळाकडेच बघत बसले. वाळू पडत होती. मागून कोणीतरी "राजीनामा, राजीनामा..." असं हळूच म्हणालं आणि खसखस पिकली.

"तुम्हाला," मी सुरुवात केली, "कामावरून कोणीही काढलेलं नाही."

सरांनी पेन उचललं.

"मी ऑफिसातली नाही. मी बीबीएची विद्यार्थिनी आहे. सोमवारी मी या परीक्षेचा सराव करत होते. तुमच्याशी बोलत नव्हते, तुमच्या पुढच्या फडताळावरच्या फुलदाणीशी बोलत होते. तुम्ही उभे राहिलात. मला वाटलं, गंमत करताय. भट्टी बाराला बंद करा म्हणालात, मी 'नोंद घेतली' म्हणाले आणि वर्गात जाऊन बसले. भट्टी अडीचपर्यंत चालू राहिली. मातीबाईंना वाट्यांचं काहीच नाही. त्यांना वाटतंय तुम्ही न सांगता पळालात. चारच्या आत त्यांना जाऊन सांगितलंत तर काम तुमचं आहे. आणि खोली पण."

वर्गातलं हसू थांबलं. तो माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावरचा उजेड आधी डोळ्यांतून गेला, मग ओठांवरून.

"उंची आणि स्थैर्य," तो म्हणाला.

"फुलदाणीची."

"बरं." मग पाच दिवसांत पहिल्यांदा त्यानं मला कारण विचारलं. "का?"

"सोमवारी चुकून. मंगळवारी भीतीनं. बुधवारी वाटलं, तुम्हाला न कळता निस्तरता येईल." माझा आवाज बारीक होत चालला होता. "आणि काल... काल तुम्ही जे बोललात ते ऑफिसातल्या बाईंना बोललात. मला वाटलं, खरं सांगितलं की ती बाई जाईल आणि तुमचं ते बोलणं तिच्याबरोबर जाईल. मला ते हवं होतं. म्हणजे, मलाही तुमची वाट बघायची सवय लागली होती. तेवढ्यासाठी मी तुमचं वर्ष पणाला लावलं. याला कारण म्हणत नाहीत, मला माहितीये. पण माझ्याकडे एवढंच आहे."

शेवटचा कण पडला.

तो उठला. खुर्ची नीट आत सरकवली. माझ्याकडे न बघता दारातून बाहेर गेला.

नारळ सरांनी चष्मा काढला. "कर्मचारी रडला नाही. ओरडला नाही. त्याला सगळं कळलं. तिन्ही अटी पूर्ण." त्यांनी काहीतरी लिहिलं. "पण तुम्ही त्याला काढलंच नाहीत. उलट कामावर घेतलंत. नेमणूक हा पुढच्या सत्राचा भाग आहे. नापास."

"हो सर."

"वेळ मात्र बरोबर पाळलीत," सर म्हणाले. त्यांच्याकडून हे कौतुक होतं.

तीनला मी मातीबाईंसमोर उभी होते. एप्रन आणि किल्ली टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. वर्गमित्राचा मित्र वगैरे काही नाही हेही सांगितलं.

"नोंद घेतली म्हणालीस?" मातीबाईंनी विचारलं.

"हो."

"कुठे घेतलीस?"

"कुठेच नाही."

त्यांनी श्वास सोडला. "तुला वर्षभर व्यवस्थापन शिकवणाऱ्या माणसाचं नाव मला नंतर लिहून दे. पण तो कुठाय? मी म्हटलं होतं, त्यानं स्वतः यायला हवं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मी कोणाला ठेवत नाही."

सव्वातीन. साडेतीन. नवा माणूस बाहेर बाकावर येऊन बसला, मांडीवर डबा घेऊन. पावणेचार. मी दारात उभी राहून रस्ता बघत होते. तो आला नाही तर? रागाच्या भरात थेट ताईकडे गेला असेल तर? मला शोधायला जायचं होतं, पण मी गेले आणि तो दुसऱ्या वाटेनं आला तर... पाय एकाच फरशीवर खिळले होते. चारला दहा कमी. आठ कमी.

चारला सात कमी असताना तो आला. घामाघूम. मला ओलांडून सरळ आत गेला.

"बाई, रविवारी मी भट्टी लवकर उघडली. बावीस वाट्या गेल्या. ते मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी तुमच्यापासून तोंड चुकवलं. चार तास बाहेर फिरत होतो, हे वाक्य जुळवत. एवढंच."

"एकवीस," मातीबाई म्हणाल्या.

"काय?"

"एकवीस गेल्या. एक मला सापडली, धड आहे. मोजता येत नाही तुम्हाला, तत्त्वज्ञानवाल्यांना." त्यांनी मातीच्या हातानंच फोन उचलला. "वसतिगृह? ती खोली राहू द्या. हो. आहे तोच राहणार. नाही, गादी उलगडायला सांगते मी त्याला." मग बाहेर डोकावून बाकावरच्या माणसाला म्हणाल्या, "तुम्हाला सोमवारपासून भांड्यांना ग्लेझ लावायच्या खोलीत घेते, तिथे दोन हात कमी आहेत." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू. तुझ्या नोंदीपायी माझी एक रास गेली. तेवढी माती मळून द्यायची. आजपासून. तो दाखवेल कशी."

आणि त्या चहाला निघून गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. त्यानं एप्रन घातला, पाठीमागची गाठ मारली. मातीचा एक गोळा तोडून माझ्यासमोर आपटला. बाजूला स्वतःसाठी दुसरा.

"मला राग आलाय," तो गोळ्याकडे बघत म्हणाला.

"यायलाच हवा."

"किती वेळ राहील, सांगता येत नाही."

"मी थांबते."

"तळव्यानं दाबा. पुढे ढकला, वळवा, परत ढकला. आत हवा राहिली तर भट्टीत फुटतं."

आम्ही मळत राहिलो. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं, फरशीवर आलं, दाराकडे सरकलं. पाचला लांबवर पाणी पडायचं थांबलं. काका उठले असावेत. माझे दंड भरून आले. गोळा काही केल्या गुळगुळीत होत नव्हता.

सव्वापाचला तो म्हणाला, "तुम्ही मळताय की माफी मागताय?"

"दोन्ही."

"एक करा."

"कुठलं?"

"मळा. माफी झाली. दुपारी झाली, सगळ्या वर्गासमोर. मला तेव्हाच कळलं होतं, पण मला चिडायचं होतं."

"आणि कालचं?" मी घाबरत विचारलं. "जे ऑफिसातल्या बाईंना बोललात ते..."

तो कितीतरी वेळ हातातला गोळा वळवत राहिला. "ऑफिसातल्या बाईंना 'घरी कोण समजावतं' विचारलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते," तो म्हणाला. "ऑफिसातल्या बाईंचे तसे भरत नाहीत. मी ते तिलाच बोललो, जिचे भरले." आणि मग, गोळा बाजूला सारून, माझ्याकडे न बघता, "कोपर वाकवू नकोस."

"काय?"

"कोपर. वाकवलंस की जोर दंडातून जातो आणि उद्या हात उचलणार नाही." तो माझ्या मागे आला. मातीनं थंड झालेली दोन बोटं माझ्या कोपराखाली टेकवली आणि ते सरळ केलं. "असं. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले.

तो परत आपल्या जागी गेला.

मी कोपर वाकवलं.